लोकल अडकली, तर तो वेळ कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला अंबरनाथ, नोकरी लोअर परळला एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये, वेळ साडेनऊ ते साडेसहा, आठवड्याचे सहा दिवस. मागच्या आठवड्यात मुसळधार पावसात विद्याविहार आणि कुर्ल्याच्या मध्ये गाडी दोन तासांहून जास्त उभी राहिली. ऑफिसला पोचेपर्यंत पाऊण वाजला आणि हाफ डे लागला. वर साहेब म्हणाले, "निदान गाडीतून कॉल तरी जॉईन करायचा." तुम्ही विचारताय की खोळंब्याचा हा वेळ कामी कसा लावावा, म्हणजे साहेबांची तक्रार राहणार नाही आणि स्वतःलाही दिवस वाया गेल्यासारखं वाटणार नाही.

मी मुंबईतल्या खासगी कंपन्यांच्या एचआरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. मस्टरवर लाल शाईने लेट मार्क मारला जायचा तेव्हापासून ते आता मशीनला चेहरा दाखवून हजेरी लागते तिथपर्यंत. त्यामुळे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते आहे असं समजा. लोकलमध्ये काम कसं करावं याच्या युक्त्या मी सांगणार नाही. मला तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. पंखे बंद पडलेल्या, माणसांनी खच्चून भरलेल्या डब्यात, बाहेर रुळांवर पाणी चढत असताना तुम्ही दोन तास उभे होतात. त्यातून बाहेर पडल्यावर 'आज मी सुखरूप पोचलो' असं वाटायच्या ऐवजी 'आज माझ्याकडून काही काम झालं नाही' ही टोचणी लागते. ती कुठून आली, हा मला खरा प्रश्न दिसतो. त्याचं उत्तर सापडलं तर साहेबांना काय सांगायचं तेही सापडेल.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते मान्य करू. उशीर सगळ्यांचा सारखा नसतो. आयसीयूतली सकाळपाळीची नर्स पोचली नाही तर रात्रपाळीची नर्स घरी जाऊ शकत नाही. कारखान्यात रिलिव्हर आला नाही तर आधीच्या पाळीचा माणूस मशीन सोडू शकत नाही. बँकेच्या तिजोरीची एक किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्यासाठी अख्खी शाखा खोळंबते. अशा नोकऱ्यांत उशिराचा भार दुसऱ्या माणसाच्या अंगावर पडतो आणि तिथे आधीच पर्यायी माणूस ठरवून ठेवावा लागतो. तुमचं काम बहुतेक दिवस तसं नाही. अकाउंट्समध्ये अडून बसणाऱ्या तारखा ठरलेल्या असतात: सातला टीडीएस म्हणजे कापून घेतलेला कर भरायचा, अकराला जीएसटीआर-१ आणि वीसला ३-बी ही जीएसटीची विवरणपत्रं, आणि पगाराचे एक-दोन दिवस. त्या दिवशी तुमची गाडी अडकली तर डिजिटल सही आणि बँकेचं ऑथोरायझेशन आणखी कोणाकडे तरी असायला हवं, आणि ती सोय कंपनीने करायची असते. बाकीच्या दिवशी सकाळी दहाचं व्हाउचर दुपारी दीडला पास झालं तर कोणाचं काय अडलं, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारून पाहा.

आणखी एक गोष्ट तुमच्या जागेवर अवलंबून आहे. प्रोबेशनवर असाल, कॉन्ट्रॅक्टवर असाल किंवा साहेबांचा स्वभाव डूख धरण्याचा असेल, तर पुढे सांगते आहे त्यातलं सगळं उद्याच्या उद्या करता येणार नाही. जेवढं झेपेल तेवढंच उचला.

आता थोडा हिशेब. अंबरनाथहून दादर, तिथून स्लो पकडून करी रोड, पुढे चालत. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत, सगळं सुरळीत असताना, पावणेदोन तास धरू. येऊन-जाऊन साडेतीन. सहा दिवसांचे एकवीस. ऑफिसात तुम्ही नऊ तास असता, म्हणजे आठवड्याचे चोपन्न. बेरीज पंच्याहत्तर. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं आणि रविवारच्या कामाचं विधान गाजलं. त्यावर देशभर चर्चा झाल्या. अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेल इथून येणारी माणसं नोकरीपायी आठवड्याचे सत्तर-पंच्याहत्तर तास कधीपासूनच घालवत आहेत. फरक एवढाच की त्यातले वीसेक तास कोणाच्या खाती दिसत नाहीत.

आणि हा हिशेब सुरळीत दिवसांचा झाला. खोळंब्याची किंमत फक्त खोळंब्याच्या दिवशी मोजावी लागते असंही नाही. ती रोज मोजली जाते, आणि हे एचआरमध्ये बसल्याशिवाय मलाही एवढं स्पष्ट दिसलं नसतं. आमच्याकडे टिटवाळ्याहून येणारे एक सीनियर क्लार्क होते. जून लागला की ते आपली नेहमीची गाडी सोडून तिच्या आधीची पकडायचे, कधी तिच्याही आधीची. ऑफिस उघडायच्या कितीतरी आधी ते खाली चहाच्या टपरीजवळ उभे असायचे. हातात डबा, छत्री मिटलेली, पायातले बूट प्लास्टिकच्या पिशवीत आणि पायात सँडल. वॉचमनने शटर वर केलं की आत जाऊन बूट चढवायचे आणि पंच करायचे. त्यांच्या हजेरीपत्रकावर पावसाळाभर एकही लेट मार्क नसायचा आणि वरिष्ठ त्यांचं उदाहरण इतरांना द्यायचे. त्या स्वच्छ हजेरीसाठी रोज पहाटेची किती झोप गेली, डबा करण्यासाठी घरातली बाई किती वाजता उठली, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. ऑफिस ज्याला शिस्त म्हणतं, तिचा मोठा हिस्सा असा लोकांच्या झोपेतून काढलेला असतो. तुम्हीही रोज थोडे आधी निघत असालच. ती मिनिटं तुम्ही कधी कोणाकडे मागितलीत का? मग वर्षातून चार-पाचदा गाडी अडकली तर तेवढ्या तासांचं देणं लागतो असं का वाटावं?

आता साहेबांच्या त्या कॉलबद्दल. गाडीतून जॉईन केलेले कॉल मी दुसऱ्या टोकाला बसून ऐकले आहेत. नालासोपाऱ्याहून येणारी आमची एक सहकारी लेडीज डब्यात दाराच्या जरा आत उभी होती. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, खांद्यावरची पर्स पुढे घेतलेली. तिला एक आकडा विचारला गेला. ती सांगत होती तेवढ्यात बाजूने गाडी गेली. "हॅलो, आवाज येतोय का? परत सांगते," असं ती तीनदा म्हणाली. मागून कोणीतरी "उतरायचंय का?" विचारत होतं, तेही आम्हाला ऐकू येत होतं. शेवटी तिला सांगण्यात आलं की राहू दे, आल्यावर मेल कर. मेल केल्यावरच काम झालं. त्या कॉलवर तिने काही काम केलं नाही, तिच्याकडून ते होणं शक्यही नव्हतं. ती हजर आहे, हाक मारली की ओ देते, एवढंच सिद्ध झालं. पुष्कळ ठिकाणी कामाच्या नावाखाली हेच मागितलं जातं.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती साहेबांना बिनधास्त सांगता येईल. अकाउंट्सचा माणूस लोकलमध्ये लॅपटॉप उघडतो तेव्हा पगाराचा तक्ता, व्हेंडरचे खाते क्रमांक, बँकेचं लॉगिन हे सगळं खांद्यावरून डोकावणाऱ्या चार जणांसमोर उघडं असतं. कुठल्याही बऱ्या कंपनीच्या आयटी विभागाला हे मान्य नसतं. दाराशी उभं राहून फोन कानाला लावणं तर जिवाशी खेळ आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जाताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात माणसं गेली. कामाच्या दिवशी, सकाळच्या गर्दीत, कामावर निघालेली माणसं. अशा डब्यात मन फक्त उभं राहण्यावर असू द्यावं.

पूर्वीच्या प्रवासात वेळ वाया जात नव्हता असं मी म्हणत नाही. पण तो प्रवाशांचा होता. भजनी मंडळाचे टाळ वाजायचे, दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागायची, पत्त्यांचा डाव गुडघ्यांवर ठेवलेल्या ब्रीफकेसवर पडायचा. हे आजही पूर्ण संपलेलं नाही. मात्र लेडीज डब्यातल्या मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायकांकडे कौतुकाने बघणाऱ्यांनी थोडं थांबावं. तो विरंगुळा नसतो. संध्याकाळी घरी पोचल्यावर सुरू होणारी दुसरी पाळी गाडीतच सुरू झालेली असते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी ३०५ मिनिटं जातात असं दिसलं. गाडीतही हात रिकामा ठेवायचा नाही ही सवय बायकांना ऑफिसच्या फोनच्या कितीतरी आधी लागली होती. आता दोन्ही ओझी एकाच डब्यात आली आहेत.

तुम्ही म्हणाल, प्रवासच नसता तर हा प्रश्न आला नसता. तेही आपण करून पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, जूनमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली, सर्वसामान्यांना फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावं लागलं आणि तेव्हाही ठरावीक वेळांतच. ज्यांना घरून काम करता आलं त्यांचे दिवसाचे तीन-साडेतीन तास वाचले. ते कोणाला मिळाले? मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी सुरुवातीचे काही आठवडे माणसांना मिळाले. मग सकाळी साडेआठचा कॉल सुरू झाला, मग रात्री आठचा. "तसंही घरीच आहात" हे वाक्य सर्रास झालं. रिकामा तास दिसला की तो ऑफिसचा, हे गृहीत तेव्हा उघडं पडलं. तुमच्या साहेबांचं वाक्य त्याच गृहीतातून आलेलं आहे. माणूस म्हणून ते वाईट असतील असं नाही. त्यांच्यावरही कोणीतरी तोच तास मागणारा बसलेला असतो.

यातच मुंबईच्या 'स्पिरिट'चं कौतुक मिसळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले, आणि दोन्ही वेळा लोक लगेच कामावर हजर झाल्याचं गुणगान झालं. जे कामावर गेले त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार आहे. पण त्यातल्या कितीजणांना न जाण्याची मुभा होती, हे विचारायला हवं होतं.

कायद्याचं थोडं सांगते, कारण हाफ डेचा मुद्दा तिथे येतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या कुटुंबाला न्याय दिला. पहाटे तीनच्या ड्युटीला जाताना कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर २००३ मध्ये अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता. घरून कामावर जाताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, नोकरीच्या ओघातला धरता येईल, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल नुकसानभरपाईपुरता आहे, त्यामुळे लेट मार्क आपोआप माफ होत नाही. पण कामावर जाताना माणूस मेला तर तो प्रवास नोकरीशी जोडलेला, आणि त्याच वाटेवर दोन तास अडकला तर त्याचा खासगी मामला, ही विभागणी मला पटत नाही.

पगारकपातीबाबत जुनं तत्त्व असं आहे की गैरहजेरीसाठीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणापेक्षा जास्त असू नये. ते १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. कंपन्या इथे वेगळी वाट काढतात: पगार कापत नाहीत, अर्धी रजा टाकतात. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते पगाराच्या स्लिपवर आणि रजेच्या खात्यात बघा. पगार कापला असेल तर वरचं तत्त्व दाखवता येतं, रजा टाकली असेल तर ती परत मागावी लागते.

आणखी एक माणूस या चर्चेत नेहमी राहून जातो. १९ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत अतिवृष्टी झाली तेव्हा सरकारी कार्यालयांना सुट्टी मिळाली आणि खासगी कंपन्यांनी घरून काम द्यावं असं आवाहन महापालिकेने केलं. तुमच्या मजल्यावर झाडू मारणारा, पँट्रीतला चहा करणारा, गेटवरचा गार्ड घरून काय करणार? त्यांचा पगार बहुधा एजन्सीकडून, आले तरच रोज, म्हणजे त्या दिवसाची मजुरी. गार्डचा रिलिव्हर पोचला नाही तर आधीचा माणूस रात्र काढून पुन्हा दिवसही काढतो. पाऊस पडला की आपण लॅपटॉपवाल्यांच्या सोयीबद्दल बोलतो आणि यांचा रोज त्या दिवशी बुडालेला असतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. गाडी पंधरा-वीस मिनिटं हलली नाही की एकच मेसेज टाका, साधारण असा: "गाडी विद्याविहारच्या पुढे थांबली आहे, कधी सुटेल सांगता येत नाही. आज माझ्याकडे बँक रिकन्सिलिएशन आणि दोन व्हेंडर पेमेंट आहेत. पेमेंट तातडीचं असेल तर त्याची फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. रिकन्सिलिएशन उद्या दुपारपर्यंत देईन. गाडीतून कॉल घेता येणार नाही. पोचल्यावर कळवेन." यात माफी नाही, एम-इंडिकेटर या लोकलच्या ॲपचे स्क्रीनशॉट नाहीत, गर्दीचे फोटो नाहीत. काय अडेल आणि काय अडणार नाही एवढंच आहे, आणि साहेबांना खरी गरज त्याच माहितीची असते. मेसेज गेला की फोन खिशात ठेवा, बॅटरी जपा, घरी एक फोन करा. गाडीतून उडी मारून रुळांवरून चालू नका, सगळे निघाले तरी. पाण्याखाली काय आहे ते दिसत नसतं.

त्या संध्याकाळी साडेसहाला निघा. सकाळचे तास भरून काढायला साडेआठपर्यंत बसलेली माणसं परतीच्या खोळंब्यात पुन्हा अडकलेली मी पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी ती निम्म्या शक्तीने येतात.

हाफ डेबद्दल एचआरला मेल करा, तोंडी नको. तारीख, रेल्वेने जाहीर केलेला खोळंबा, तुम्ही मेसेज केल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि एक विनंती: रजा परत जमा करावी. एचआरने नाही म्हटलं तरी नोंद राहते, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच कामाला येते.

मी काम केलं तिथे एक नियम आणता आला. रेल्वेने ज्या लाइनवर खोळंबा जाहीर केला त्या लाइनवरून येणाऱ्या सगळ्यांचा त्या दिवशीचा लेट मार्क अर्ज न करता माफ. व्यवस्थापनाची भीती होती की लोक गैरफायदा घेतील. तसं काही झालं नाही. लोक जेवढ्या लवकर पोचता येईल तेवढ्या लवकर पोचत राहिले, फक्त आल्या आल्या एचआरच्या दारात रांग लावणं थांबलं. मध्य रेल्वेनेही २०२३ मध्ये आपल्या सीएसएमटीच्या मुख्यालयात कामाच्या दोन वेगळ्या वेळा सुरू केल्या आणि इतर कार्यालयांना वेळा बदलण्याची विनंती केली. खुद्द रेल्वे सांगते आहे हा मुद्दा तुमच्या कंपनीत मांडताना हाताशी ठेवा, बोर्डरूममध्ये त्याला वजन येतं.

असा नियम मागायचा असेल तर अर्जावर एकट्याची सही नको. तुमच्या मजल्यावर कल्याणच्या पुढून, वसई-विरारकडून आणि हार्बरवरून येणारे किती जण आहेत ते आधी पाहून घ्या. त्यांत साहेबांच्या पातळीवरचा एखादा नक्की सापडेल, त्याची सही सगळ्यात वर घ्या. आणि पँट्रीतल्या, गेटवरच्या लोकांचा रोजही त्याच अर्जात लिहा, कारण त्यांच्या एजन्सीचं कॉन्ट्रॅक्ट तुमची कंपनीच करते आणि ते दरवर्षी नव्याने होतं.